अनुदानाची यादी आणि चावडीचा हक्क

प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेचे २,९९२ कोटी रुपये ४२ लाख १६ हजार अपात्र व्यक्तींच्या बँक खात्यांत जमा झाले असून त्यांची वसुली करावयाची आहे, ही माहिती तत्कालीन कृषिमंत्री नरेंद्रसिंह तोमर यांनी जुलै २०२१ मध्ये लोकसभेत एका लेखी उत्तराद्वारे दिली. पावसाळी अधिवेशन नुकतेच सुरू झाले होते आणि सभागृह पेगासस प्रकरणावरील गदारोळात गुंतले होते. या अपात्रांपैकी सुमारे साडेचार लाख जण महाराष्ट्रातील होते.

त्याच वर्षी जानेवारीत माहिती अधिकाराखालील एका अर्जाला उत्तर देताना कृषी मंत्रालयाने अपात्रांची संख्या २० लाख ४८ हजार आणि त्यांना दिलेली रक्कम १,३६४ कोटी सांगितली होती. सहा महिन्यांत दोन्ही आकडे दुपटीहून अधिक झाले. ही माणसे बहुतांशी आधीपासूनच यादीत होती. सरकारला ती उशिराने सापडत गेली. जानेवारीच्या उत्तरातील आणखी एक तपशील अधिक बोलका होता. अपात्रांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५५.५८ टक्के, व्यक्ती प्राप्तिकर भरणाऱ्या होत्या. त्यांची नोंद सरकारच्याच दुसऱ्या खात्याच्या दप्तरात होती. तेथून ती कृषी खात्यापर्यंत पोचण्यास दोन वर्षे लागली. मार्च २०२५ पर्यंत अपात्रांकडून परत मिळालेली रक्कम सुमारे ४१६ कोटी रुपये होती.

गावात कोणाच्या नावे किती जमीन आहे, कोण शिक्षक म्हणून निवृत्त झाला, कोणाचा मुलगा दिल्लीत सरकारी नोकरीत आहे, हे जाणून घेण्यास गावकऱ्यांना संगणक लागत नाही. अनुदान कोणाला मिळाले याची यादी त्यांच्यासमोर आली, तर चुकीचे नाव आणि राहून गेलेले नाव या दोन्ही गोष्टी एका दुपारी उघड होऊ शकतात. शेतकऱ्यांना दिल्या जाणाऱ्या सार्वजनिक पैशाच्या पारदर्शकतेचा प्रश्न शेवटी या यादीपाशी येऊन थांबतो. ती उघडी ठेवणे हे सरकारचे कर्तव्य आणि ती मागणे हा नागरिकाचा हक्क, असे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मानले होते. नोव्हेंबर २०२५ पासून त्यातील दुसरा भाग दुबळा झाला आहे.

कर्जमाफीचा धडा

अनुदानाच्या यादीत काय घडू शकते याचा सर्वांत सविस्तर सरकारी दस्तऐवज संसदेत ५ मार्च २०१३ रोजी सादर झाला. २००८ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी जाहीर केलेल्या कृषी कर्जमाफी व कर्जसवलत योजनेचे हे लेखापरीक्षण होते. दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला एकरकमी परतफेडीवर २५ टक्के सवलत, असे योजनेचे ढोबळ स्वरूप होते. घोषणेच्या वेळी तिचा बोजा ६० हजार कोटी रुपये धरण्यात आला होता. विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याकडे जमीन अधिक आणि उत्पन्न कमी असते, त्यामुळे दोन हेक्टरांची अट त्याच्यावर अन्याय करते, हा आक्षेप तेव्हा बराच गाजला. योजना राबविताना काय झाले याकडे मात्र पुढील पाच वर्षे फारसे लक्ष दिले गेले नाही.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २५ राज्यांतील ९०,५७६ खाती तपासली. लाभ मिळालेल्या ८०,२९९ खात्यांपैकी साडेआठ टक्के अपात्र निघाली. नऊ राज्यांत, लाभ न मिळालेल्या ९,३३४ खात्यांची तपासणी झाली. त्यांपैकी १,२५७ खातेदार, म्हणजे १३.४६ टक्के, पात्र असूनही वगळले गेले होते. २,८२४ प्रकरणांत नोंदींमध्ये खाडाखोड वा फेरफार झाल्याचे सकृद्दर्शनी दिसत होते. कर्जमाफीचे प्रमाणपत्र शेतकऱ्याच्या हाती पडल्याची पोच ६१,७९३ पैकी २१,१८२ खात्यांत सापडली नाही. अशा शेतकऱ्याला आपले कर्ज माफ झाले की नाही हे सिद्ध करणेही अवघड होते.

या आकड्यांतील पहिला वृत्तपत्रांच्या मथळ्यांत गेला. दुसरा अधिक गंभीर होता. अपात्राला पैसे मिळाले तर सरकारी तिजोरीचे नुकसान होते. पात्र माणूस वगळला गेला तर योजनेचा हेतूच हरतो. या दोन चुका वेगवेगळ्या मार्गांनी सापडतात. अपात्र नाव यादीत असते, त्यामुळे ते कोणीतरी वाचून ओळखू शकतो. वगळलेले नाव कोठेच नसते. ते शोधायचे तर ज्यांनी कर्ज घेतले त्या सर्वांची यादी आणि ज्यांना माफी मिळाली त्यांची यादी शेजारी शेजारी ठेवावी लागते. लाभार्थ्यांच्या याद्या बँकेच्या शाखेत लावाव्यात, अशी सूचना २००८ च्या योजनेत होती. वगळलेल्यांची नावे कारणासह लावण्याची सोय नव्हती. हे काम पुढे लेखापरीक्षकांनी नमुन्यादाखल केले, तोपर्यंत पाच वर्षे उलटली होती.

महाराष्ट्राने या अनुभवातून काही प्रमाणात बोध घेतला. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत अर्जदारांच्या याद्यांचे चावडीवाचन करण्याचे ठरले. ३४ हजार कोटींची आणि ८९ लाख शेतकऱ्यांची घोषणा प्रत्यक्षात बरीच आक्रसली. ऑनलाइन अर्ज, बँकांची माहिती आणि सरकारी संगणक यांचा मेळ बसेना, याद्यांत चुका निघाल्या. तरीही गावासमोर यादी वाचण्याची कल्पना टिकली. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत, फेब्रुवारी २०२० पासून याद्या आधी गावात लावण्यात आल्या. शेतकऱ्याने रक्कम तपासावी, आधार प्रमाणीकरण करावे, रक्कम मान्य नसेल तर तक्रार करावी आणि त्यानंतर पैसे खात्यात जावेत, असा क्रम ठरविण्यात आला. पैसे जाण्याआधी यादी दाखविणे आणि पैसे गेल्यावर यादी दाखविणे यांतील अंतर या योजनेने स्पष्ट केले.

ओडिशाच्या कालिया योजनेने २०१९ च्या प्रारंभी याहून पुढचे पाऊल टाकले होते. तेथे ग्रामपंचायतींत याद्या लावून नाव राहून गेलेल्यांसाठी हिरवा अर्ज आणि अपात्र नावावरील हरकतीसाठी लाल अर्ज ठेवण्यात आला. भूमिहीन शेतमजुरांनाही सामावून घेणाऱ्या या योजनेत पुढे मोठ्या संख्येने अपात्र सापडलेच, कारण निवडणुकीच्या तोंडावर हप्ते वाटण्याची घाई होती. हरकतीची खिडकी उघडी असणे आणि हरकतीवर निर्णय होईपर्यंत पैसे थांबविण्याचा धीर असणे, या दोहोंची गरज असते.

दलाल गेला, साक्षीदारही गेला

१ फेब्रुवारी २०१९ च्या हंगामी अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या किसान सन्मान निधीने अनुदानाची पद्धतच बदलली. वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत, दिल्लीहून थेट शेतकऱ्याच्या खात्यात. प्रारंभी दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांपुरती असलेली ही योजना मे २०१९ च्या निवडणुकीनंतर सर्व जमीनधारक शेतकरी कुटुंबांना लागू झाली. नोव्हेंबर २०२५ च्या एकविसाव्या हप्त्यात सुमारे ९ कोटी शेतकऱ्यांना १८ हजार कोटी रुपये देण्यात आले. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी ६३,५०० कोटींची तरतूद होती. महाराष्ट्राने २०२३ मध्ये याच यादीच्या आधारे नमो शेतकरी महासन्मान निधी सुरू करून आणखी ६,००० रुपयांची भर घातली. अशा रीतीने केंद्राच्या यादीतील प्रत्येक चूक राज्याच्या तिजोरीतही उमटू लागली.

थेट हस्तांतराने मधल्या दलालाची सद्दी संपविली, हे मान्य करावयास हवे. परंतु पूर्वीच्या वाटपात तलाठी, सोसायटीचा सचिव, सरपंच आणि शेजारी यांच्या देखत काही घडत असे. त्यात भ्रष्टाचार होता तसे साक्षीदारही होते. आता पैसा कोणाच्याही नजरेस न पडता खात्यात उतरतो. २०२० मध्ये तमिळनाडूत जे घडले त्याचे मूळ येथे आहे. टाळेबंदीच्या काळात नोंदणी सुलभ करण्यात आली. त्यानंतर काही जिल्ह्यांत कृषी खात्याच्या परवलीच्या शब्दांचा गैरवापर करून शेतीशी संबंध नसलेल्यांची नावे घुसविण्यात आली. राज्य सरकारच्या तपासात पाच लाखांहून अधिक अपात्र व्यक्ती आणि सुमारे ११० कोटी रुपयांची रक्कम समोर आली. दलाल या नव्या व्यवस्थेतही शिरला होता. फक्त तो चावडीऐवजी संगणकाच्या पडद्याआड बसला होता.

योजनेतून वगळण्याचे निकष दिल्लीतील मराठी कुटुंबांनाही परके नाहीत. चतुर्थ श्रेणी व तत्सम कर्मचारी सोडून केंद्र व राज्य सरकारचे आजी-माजी कर्मचारी, दहा हजार वा त्याहून अधिक निवृत्तिवेतन घेणारे, आधीच्या वर्षी प्राप्तिकर भरलेले, नोंदणीकृत डॉक्टर, वकील, अभियंते, सनदी लेखापाल, आमदार-खासदार यांना हा निधी मिळत नाही. पती, पत्नी व अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरले जाते. शासकीय वसाहतीत राहणाऱ्या आणि गावाकडील सातबाऱ्यावर नाव असणाऱ्या अनेकांना हा नियम थेट लागू होतो. गावी भावाने वा चुलत्याने हौसेने भरलेला अर्जही पुढे वसुलीच्या नोटिशीचे कारण ठरू शकतो.

चुका सुधारण्यासाठी केंद्राने यंत्रणेवर भर दिला. आधार जोडणी, प्राप्तिकराच्या नोंदींशी ताळा, ई-केवायसी आणि भूमी अभिलेखांची जोडणी अशा चाळण्या एकामागून एक लागल्या. मे २०२२ च्या अकराव्या हप्त्यात लाभार्थी दहा कोटींहून अधिक होते. ऑक्टोबरच्या बाराव्या हप्त्यात ते नऊ कोटींच्या खाली आले. गळालेल्यांत किती जण खरोखर अपात्र होते, किती जणांच्या सातबाऱ्यावर अजून वारसनोंद झाली नव्हती आणि किती जणांचा अंगठा यंत्राला ओळखू आला नाही? एकूण आकड्यावरून हे कळत नाही. २०१३ च्या लेखापरीक्षणाने दाखविलेली दुसरी चूक, म्हणजे पात्र माणूस वगळला जाण्याची, या चाळणीत तशीच दडून राहते.

२०२५ मध्ये एकाच कुटुंबातील पती-पत्नी वा सज्ञान व अज्ञान व्यक्ती असे दोघे हप्ता घेत असल्याच्या, तसेच १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झाल्याच्या संशयावरून अनेक नोंदी गोठविण्यात आल्या. त्यांचा निर्णय प्रत्यक्ष पडताळणीनंतर होईल, असे जाहीर झाले. सहा वर्षे संगणकावर विसंबून चाललेली योजना अखेरीस गावातल्या माणसाच्या साक्षीकडे परतली, असाच याचा अर्थ होतो.

ही साक्ष किती मोलाची आहे, हे जालना जिल्ह्याने त्याच वर्षी दाखविले. अंबड व घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानवाटपातील कोट्यवधींचा गैरव्यवहार उघड झाला आणि तलाठ्यांसह महसूल कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. यादी तयार करणारा आणि ती तपासणारा एकच असेल, तर आधार क्रमांकाची चाळणी निरुपयोगी ठरते. बनावट नावालाही खरे बँक खाते असू शकते.

सर्वांत मोठ्या अनुदानाची तर नावनिशीवार यादीच नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात खतांसाठी सुमारे १ लाख ६८ हजार कोटी रुपये होते, म्हणजे किसान सन्मान निधीच्या अडीच पटींहून अधिक. दुकानातील यंत्रावर विक्रीची नोंद झाल्यावर हे अनुदान कंपनीला मिळते. खत कोणी घेतले हे यंत्राला कळते. ते कोणत्या शेतात पडले हे कळत नाही.

अमेरिका आणि युरोपची वाट

शेतकऱ्याला दिलेल्या सार्वजनिक पैशाची नावे उघड करावीत काय, हा वाद श्रीमंत लोकशाही देशांतही दीर्घकाळ चालला. अमेरिकेत वॉशिंग्टन पोस्टने कृषी खात्याविरुद्ध खटला लढविला आणि १९९६ मध्ये संघीय न्यायालयाने अनुदान घेणाऱ्यांची नावे दडविता येणार नाहीत असा निर्णय दिला. त्याच वाटेने मिळालेली माहिती एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेने नोव्हेंबर २००१ मध्ये इंटरनेटवर खुली केली. बास्केटबॉलपटू स्कॉटी पिपेन, दूरचित्रवाणी उद्योजक टेड टर्नर, बँकर डेव्हिड रॉकफेलर ही नावे ‘शेतकरी’ म्हणून यादीत निघाली. अनुदानाचा फार मोठा वाटा वरच्या दहा टक्क्यांकडे जात असल्याचेही दिसले. २००२ च्या कृषी विधेयकावरील चर्चेत ही यादी दोन्ही बाजूंच्या हाती होती. पुढे २००६ मध्ये वॉशिंग्टन पोस्टनेच दाखवून दिले की, २००० पासून शेती न करणाऱ्यांना १.३ अब्ज डॉलर मिळाले होते. ते बहुतेक कायद्याच्या चौकटीत राहूनच दिले गेले होते. यादी उघडी झाल्यामुळे चोरी सापडते, तसा कायद्यातील दोषही सापडतो.

युरोपात डेन्मार्कने २००४ मध्ये आणि ब्रिटनने २००५ मध्ये नावे जाहीर केली. ब्रिटनच्या यादीत राणीच्या सँड्रिंगहॅम जहागिरीचेही नाव होते. २००८ च्या युरोपीय नियमाने सर्व सदस्य देशांना प्रसिद्धी सक्तीची केली. जर्मनीतील हेसन राज्यातील दोन अर्जदारांनी तिला आव्हान दिले आणि ९ नोव्हेंबर २०१० रोजी लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने व्यक्तिगत शेतकऱ्यांपुरता तो नियम रद्द केला. पारदर्शकतेचा हेतू न्यायालयाने अमान्य केला नाही. रक्कम किती, किती काळ व कशासाठी मिळाली याचा काहीच भेद न करता सरसकट नावे छापणे प्रमाणाबाहेर आहे, असे त्याचे म्हणणे होते. २०१३ च्या नव्या कायद्याने तोडगा काढला. नावे पुन्हा प्रसिद्ध होऊ लागली. फक्त सुमारे १,२५० युरोंपर्यंतच्या छोट्या रकमा घेणाऱ्यांची नावे झाकण्यात आली.

हा तोडगा भारतात जसाच्या तसा आणता येणार नाही. रकमेची मर्यादा लावली तर वर्षाला ६,००० रुपये घेणारा प्रत्येक शेतकरी झाकला जाईल आणि यादीच संपेल. अमेरिका-युरोपात प्रश्न होता तो थोड्या माणसांना फार पैसा मिळाल्याचा. भारतातील प्रश्न कोट्यवधी माणसांना मिळणाऱ्या छोट्या रकमांचा आहे. येथे गैरव्यवहार होतो तो माणसांच्या संख्येत: खोट्या नावांत, दुहेरी नावांत आणि गाळलेल्या नावांत. तो रकमांच्या तक्त्यावरून ओळखता येत नाही. नाव ओळखणारा शेजारीच तो ओळखू शकतो.

एका उपकलमाचे मरण

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) मधील बाराव्या उपकलमानुसार, अनुदान कार्यक्रमांची कार्यपद्धती, वाटप केलेल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी मागण्याआधीच प्रसिद्ध करावयाचा असतो. किसान सन्मान निधीच्या संकेतस्थळावरील गावनिहाय यादी, राजस्थानने सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू केलेले जनसूचना संकेतस्थळ, ही याच तत्त्वाची रूपे होत. त्यामागे राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून घेतलेल्या जनसुनावण्यांची परंपरा आहे. हजेरीपट गावासमोर वाचले की मेलेल्या माणसांच्या मजुरीची नोंद कशी बाहेर पडते, हे तेथे प्रथम दिसले.

याच कायद्यातील कलम ८(१)(ञ), म्हणजे इंग्रजी मसुद्यातील ‘जे’ उपकलम, व्यक्तिगत माहितीला संरक्षण देत होते, पण सशर्त. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर अकारण आक्रमण करणारी माहितीच नाकारता येई, आणि तीही व्यापक जनहित नसेल तरच. शिवाय जी माहिती संसदेला वा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे परंतुक होते. खासदार सभागृहात जे विचारू शकतो ते गावकरी अर्जाने विचारू शकतो, हे लोकशाहीतील समतेचे एक लहानसे पण मौलिक सूत्र त्या परंतुकात होते.

डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण विधेयक लोकसभेने ७ ऑगस्ट २०२३ रोजी आणि राज्यसभेने ९ ऑगस्टला आवाजी मतदानाने संमत केले. मणिपूरवरून संसद ठप्प असतानाचे ते दिवस होते. या कायद्याच्या कलम ४४(३) ने ८(१)(ञ) ची सारी वाक्यरचना काढून टाकून ‘व्यक्तिगत माहितीशी संबंधित माहिती’ एवढेच शब्द ठेवले. परंतुकही गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित होताच ही दुरुस्ती लागू झाली. कायद्यातील इतर बहुतेक कलमे मात्र अठरा महिन्यांनी अमलात यावयाची आहेत.

सरकारची बाजू निराधार नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सांगितले. जयराम रमेश यांच्या पत्राला एप्रिल २०२५ मध्ये उत्तर देताना माहिती तंत्रज्ञानमंत्री अश्विनी वैष्णव यांनी कलम ३ कडे बोट दाखविले. जी माहिती प्रसिद्ध करण्याचे कायदेशीर बंधन आहे तिला नवा कायदा लागूच होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(२) ही शाबूत आहे. जनहित मोठे असल्यास सूट दिलेली माहितीही देता येते.

पेच अंमलबजावणीत आहे. कलम ४ खाली यादी प्रसिद्ध केली नाही म्हणून कोणाला दंड होत नाही. दंडाची तरतूद कलम २० मध्ये आहे आणि ती अर्ज नाकारण्याशी वा लांबविण्याशी निगडित आहे. एखाद्या कार्यालयाने यादी लावलीच नाही, तर नागरिकाला अर्ज करावा लागेल. आणि त्या अर्जाला ‘व्यक्तिगत माहिती’ एवढे दोन शब्दांचे उत्तर आता कायदेशीर दिसेल. कलम ८(२) हा अधिकाऱ्याच्या विवेकाचा भाग आहे. त्या अधिकाऱ्यापुढील हिशेबही पाहावा. माहिती चुकीने नाकारली तर त्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार दंड. माहितीच्या सुरक्षेत कसूर ठरली तर नव्या कायद्याची दंडाची तरतूद पूर्णांशाने लागू झाल्यावर त्याच्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड. अशा स्थितीत सावध अधिकारी काय करील, हे मंत्रालयांत उमेदवारी केलेल्या कोणालाही सांगावयास नको. त्यात त्याचा दोष फारसा नाही. कायद्याने त्याच्यापुढे ठेवलेल्या तराजूचा आहे.

काय झाकावे, काय दाखवावे

शेतकऱ्याच्या खासगीपणाची काळजी खोटी नाही. २०२२ मध्ये किसान सन्मान निधीच्या संकेतस्थळातील त्रुटीमुळे शेतकऱ्यांचे आधार क्रमांक उघडे पडत असल्याचे एका सुरक्षा संशोधकाने निदर्शनास आणले होते. आधार क्रमांक, बँक खाते, भ्रमणध्वनी यांपैकी काहीही गावाला दिसण्याची गरज नाही. नाव, गाव, योजना, हप्ता आणि रक्कम एवढे मात्र दिसलेच पाहिजे. शेजाऱ्याला खात्री करण्यास तेवढे पुरते आणि फसवणूक करणाऱ्याला तेवढ्याने काही साधत नाही.

त्यात तिसरा रकाना हवा तो कारणांचा. ज्याचा हप्ता थांबला त्याचे नाव आणि ‘वारसनोंद बाकी’, ‘ई-केवायसी नाही’, ‘दुहेरी लाभाचा संशय’ असे कारण ग्रामपंचायतीत लागले, तर वगळलेला माणूस कागद घेऊन तहसील कचेरी गाठू शकेल. आज त्याला बहुधा मदत केंद्रावर हेलपाटे घालून नशीब अजमावावे लागते. जो दुसऱ्याची जमीन कसतो, त्याचे नाव तर कोणत्याच रकान्यात नसते, कारण यादी सातबाऱ्यावरून तयार होते. ती चावडीवर वाचली गेली, तर निदान हा प्रश्न विचारला जाईल.

हे सारे ठरविण्याची वेळ लांबची नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या २,८१७ कोटी रुपयांच्या डिजिटल कृषी अभियानाखाली देशभर शेतकरी ओळख क्रमांक दिले जात आहेत. महाराष्ट्राने २०२५ मध्ये कृषी योजनांसाठी हा क्रमांक सक्तीचा केला. पुढील काळात पीक विमा, खत, हप्ता, नुकसानभरपाई या सर्वांची पात्रता याच एका नोंदवहीवरून ठरेल. तिच्यातील एक चूक शेतकऱ्याला एका योजनेतून नव्हे, सर्वच योजनांतून बाहेर काढील. आणि एक बनावट नाव सर्वच योजनांचा लाभ घेईल.

माहिती अधिकाराची दुरुस्ती मागे घेणे हा संसदेचा विषय आहे आणि सध्याच्या संख्याबळात ते सहजी घडेल असे दिसत नाही. परंतु प्रत्येक योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत गावनिहाय यादी, हरकतींची मुदत आणि वगळण्याचे कारण प्रसिद्ध करण्याचे बंधन घालण्यास संसदेची वाट पाहावी लागत नाही. वैष्णव यांनी ज्या कलम ३ चा दाखला दिला, त्यानुसार असे बंधन कायद्याच्या वा नियमाच्या आधारे असले की अधिकाऱ्याचे हात बांधले जात नाहीत, उलट त्यांना आधार मिळतो. कृषी भवनाने आणि राज्यांच्या कृषी खात्यांनी तो नियम लिहावा. ४२ लाख अपात्रांचा आकडा लोकसभेत सांगावा लागण्याची वेळ पुन्हा येऊ नये, यासाठी केंद्रापाशी असलेला हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.